आरोग्यविचार : गर्भस्थ बालक आणि अफू

ज्या घरांतून जुन्या पिढीच्या आठवणी अद्याप सांगितल्या जातात, तेथें ‘बाळगोळी’ हा शब्द ऐकून तरी ठाऊक असेल. बाळगुटीशीं तिचा घोटाळा मात्र करूं नये. बाळगुटी म्हणजे हिरडा, मुरडशेंग, वेखंड इत्यादि औषधें सहाणेवर उगाळून दिलेलें चाटण. बाळगोळी म्हणजे अफूची गोळी. मुंबईच्या गिरण्यांत कामास जाणाऱ्या माता पहाटे घराबाहेर पडतांना ही गोळी तान्ह्या मुलास देत, आणि मूल दिवसभर निपचित पडून राही. त्या काळीं गिरणीकामगार स्त्रियांच्या स्थितीविषयीं ज्या चौकशा झाल्या, त्यांत हा प्रकार वारंवार नमूद झालेला आहे. त्या मातांना आज कोणीं नांवें ठेवूं नयेत. घरीं मूल सांभाळणारें माणूस नव्हतें आणि गिरणीचा भोंगा कोणासाठीं थांबत नव्हता, हें त्या गोळीचें खरें कारण होय. विलायतेंत ‘गॉडफ्रेज् कॉर्डियल’ आणि अमेरिकेंत ‘मिसेस विन्स्लोज् सूदिंग सिरप’ या नांवाखालीं हेंच विष गोड पाकांत घालून विकलें जात होतें, हेंही ध्यानांत असावें.

परंतु ही झाली जन्मानंतर दिलेल्या अफूची गोष्ट. आज वैद्यकशास्त्रापुढें जो प्रश्न उभा आहे तो याहून एक पायरी मागचा आहे. मूल जन्मास येण्यापूर्वींच, आईच्या रक्तावाटें त्याला अफू किंवा अफूच्या जातीचें औषध महिनोन्‌महिने मिळत राहिलें, तर त्याच्या मेंदूचें पुढें काय होतें? जन्मानंतरचे चार-दोन आठवडे त्रासांत जाऊन सर्व कांहीं सुरळीत होतें, कीं मूल शाळेंत जाऊं लागल्यावरही तिची छाया मागें राहते? हा प्रश्न आपल्या घरांचा नव्हे असें म्हणून पान उलटण्यापूर्वीं वाचकांनीं पुढील मजकूर एकदां पाहावा अशी विनंति आहे.

प्रथम ‘अफूची जात’ म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. खसखशीच्या कच्च्या बोंडास चीर पाडली असतां जो चीक निघतो, तो वाळवून अफू होते. या अफूंतून १८०४-०५ च्या सुमारास सेर्ट्यूर्नर नांवाच्या जर्मन औषधविक्रेत्यानें मॉर्फीन वेगळें काढलें. कोडीन हेंही अफूंतलेंच. मॉर्फिनावर रासायनिक क्रिया करून हेरॉइन होतें. १८९८ सालीं तें बाजारांत आलें तेव्हां खोकल्याचें औषध म्हणून त्याची जाहिरात झाली होती, हें आज वाचून नवल वाटतें! याच हेरॉइनचा अशुद्ध प्रकार ‘ब्राउन शुगर’ या नांवानें मुंबई-पुण्याकडे पसरला, आणि त्याच संकटांतून १९८६ सालीं पुण्यास डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं मुक्तांगण हें व्यसनमुक्तिकेंद्र उभें केलें. ट्रामाडॉल, फेंटानिल, मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन हीं प्रयोगशाळेंत घडविलेलीं याच कुळांतलीं औषधें. तेव्हां अफू म्हणजे केवळ मारवाडांत पाहुण्यास तळहातावर देण्याचा पदार्थ नव्हे. पाठदुखीवर कोणीतरी सुचविलेली, पुढें सुटेनाशी झालेली गोळी आणि कपाटांत पडून असलेली खोकल्याची बाटली, हीं तिचींच सुशिक्षित रूपें असूं शकतात. भारत सरकारनें १९८५ सालीं मादक पदार्थांविषयीं कडक कायदा केला, आणि २०१८ सालीं ट्रामाडॉलही त्या कायद्याच्या कक्षेंत घ्यावें लागलें, यावरून काय तें समजावें. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणें देशांतील शंभरांपैकीं सुमारें दोन माणसें अफूच्या जातीचा कोणता ना कोणता पदार्थ सेवन करीत होतीं. त्यांत पुरुषच फार. पण स्त्रियांत हा प्रकार अधिक लपविला जातो.

येथें एका शंकेचें निरसन करून टाकतों. स्वयंपाकांतली खसखस ही बी आहे. बींत अफूचा चीक नसतो. बोंडाचा जो थोडा अंश बाहेरून लागून येतो, तो धुतल्यानें व भाजल्यानें आणखी कमी होतो. अनारशांवर लावलेल्या खसखशीचा या लेखाच्या विषयाशीं कांहीं संबंध नाहीं.

आतां गर्भाकडे वळूं. आई आणि गर्भ यांच्यामध्यें वार असते. ती पुष्कळ गोष्टी अडविते. पण अफूच्या जातीचीं औषधें तिच्यातून सहज पार होतात. गर्भाच्या रक्तांतून तीं मेंदूंत पोंचतात, आणि तेथें त्यांच्यासाठीं जणूं कुलुपें तयारच असतात. १९७३ सालीं शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं मेंदूंतील पेशींवर अफूचे कण जाऊन बसतील अशा खास जागा आहेत. मग सहजच प्रश्न आला कीं, निसर्गानें हीं कुलुपें खसखशीच्या चिकासाठीं तर खचित घडविलीं नसतील! दोनच वर्षांनीं, १९७५ सालीं, स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथें ह्यूज व कोस्टर्लिट्झ यांनीं त्यांची खरी किल्ली शोधून काढली. आपला मेंदू स्वतःच अफूसारखीं द्रव्यें अल्प प्रमाणांत तयार करतो. वेदना कमी करणें, समाधान वाटणें, मायेच्या स्पर्शानें शांत होणें, या गोष्टींत त्यांचा वाटा असतो.

गर्भाच्या मेंदूंत या कुलुपांना याहून एक निराळें काम आहे. गर्भावस्थेंत मेंदूच्या पेशी उत्पन्न होतात, आपापल्या ठिकाणीं जाऊन बसतात, एकमेकींना धागे जोडतात. आणि शेवटच्या तीन महिन्यांत त्या धाग्यांवर एक स्निग्ध आवरण चढूं लागतें. विजेच्या तारेवर वेष्टण असावें तसें हें आवरण. तें चढलें म्हणजे संदेश वेगानें जातात. हें काम जन्मानंतरही चालूं राहून पंचविशीच्या आसपास पुरें होतें. शरीराचीं स्वतःचीं अफूसदृश द्रव्यें या सर्व बांधकामाचा वेग राखण्यास मदत करतात. अशा वेळीं बाहेरून आलेली परकी किल्ली दिवसरात्र तींच कुलुपें फिरवूं लागली, तर बांधकामाची वेळ आणि क्रम चुकण्याचा संभव उघड आहे. प्राण्यांवरील प्रयोगांत धाग्यांवरील आवरणाच्या घडणीची वेळ बदललेली आढळते. मनुष्याच्या बाबतींत असे प्रयोग अर्थातच करतां येत नाहींत. तेथें जन्मलेल्या मुलांकडेच पाहावें लागतें.

जन्माच्या वेळीं काय होतें तें पुरातन दाया देखील पाहत असतील. नाळ कापतांच आईकडून येणारा पुरवठा एकदम थांबतो. एक-दोन दिवसांत मूल अस्वस्थ होतें. किंचाळल्यासारखें उंच स्वरांत रडतें, हातपाय कांपतात, झोंप लागत नाहीं, दूध नीट ओढतां येत नाहीं, उलट्या व जुलाब होतात, शिंका आणि जांभया सारख्या येतात. मेथाडोनसारखें दीर्घकाळ टिकणारें औषध असल्यास हीं लक्षणें आणखी उशीरां दिसतात. १९७५ सालीं अमेरिकेंत डॉ. लोरेटा फिनेगन यांनीं या लक्षणांना गुण देऊन उपचार ठरविण्याची पद्धति घातली. त्या देशांत हा प्रश्न किती वाढला आहे पाहा : २०१० सालीं इस्पितळांत जन्मलेल्या दर हजार मुलांत अशीं सुमारें चार होतीं, तीं २०१७ सालीं सातांवर गेलीं.

अशा मुलास ‘व्यसनी बाळ’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे, तो सर्वथा अयोग्य होय. व्यसनास इच्छा लागते, आणि हानि कळूनही त्याच वस्तूमागें धांवणें लागतें. तान्ह्या मुलास यांतलें काय ठाऊक? त्याच्या शरीरास एका द्रव्याची संवय झाली आणि तें द्रव्य बंद झालें, इतकेंच. हा शब्दांचा कीस नव्हे. असें नांव एकदां मुलाला चिकटलें म्हणजे पुढें त्याचा प्रत्येक खोडकरपणा लोक त्या नांवाच्या खात्यावर जमा करूं लागतात.

हे आठवडे सरले म्हणजे मूल दूध पिऊं लागतें, वजन धरतें, हसतें. तीन वर्षांचें होईपर्यंत बहुतेकांस त्याच्यांत कांहीं वेगळें दिसत नाहीं. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगांत मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन देऊन गर्भिणी स्त्रियांवर उपचार केले होते. त्यांच्या मुलांपैकीं शहाण्णवांचा तीन वर्षें पाठपुरावा करण्यांत आला, आणि त्यांची वाढ सर्वसामान्य रीतीनें होत असल्याचें आढळलें. मातांवर नियमित देखरेख होती, ही गोष्ट येथें विसरतां कामा नये.

पण तीन वर्षांच्या मुलाकडून आपली अपेक्षा ती किती असते? एका जागीं अर्धा तास बसणें, तोंडी हिशेब मनांत धरून ठेवणें, उत्तर ओठांवर आलें तरी पाळी येईपर्यंत थांबणें, या कसोट्या शाळेंत लागतात. ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स प्रांतांत सर्व मुलांची तिसऱ्या, पांचव्या व सातव्या इयत्तेंत एकच सरकारी परीक्षा होते. तेथील संशोधकांनीं, जन्मतः वरील विकार झालेल्या २,२३४ मुलांचे गुण इतर मुलांच्या गुणांशीं ताडून पाहिले व निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध केले. तिसरींतच अंतर होतें, आणि पुढें तें वाढत गेलें. इतकें कीं या मुलांची सातवींतली सरासरी इतर मुलांच्या पांचवींतल्या सरासरीहूनही खालीं राहिली. निरनिराळ्या देशांतल्या इतर अभ्यासांतही लक्ष एकाग्र करणें, आवेग आवरणें, भाषा आणि हातापायांचें कौशल्य यांत अशीं मुलें सरासरीनें थोडीं मागें पडलेलीं आढळलीं. डोळ्यांत तिरळेपणाचें प्रमाणही त्यांच्यांत अधिक असतें.

एवढें वाचून जो ‘संपलें, या मुलांचें भवितव्य ठरलें’ असें म्हणेल, त्यानें घाई केली असें आम्ही म्हणूं. सरासरी म्हणजे एकेक मूल नव्हे. या मुलांपैकीं कित्येक वर्गांतल्या इतरांच्या बरोबरीनें चालतात. शिवाय हा दोष एकट्या अफूचा, असें तरी कसें म्हणावें? अफूच्या आहारीं गेलेली स्त्री बहुधा तंबाखू ओढते, कधीं दारू घेते. तिचें पोट भरलेलें नसतें, घरांत भांडण व मारहाण असते, मूल अपुऱ्या दिवसांचें जन्मतें. ऑस्ट्रेलियाच्या त्याच पाहणींत असें दिसलें कीं ज्यांचे आईबाप अधिक शिकलेले होते, त्या मुलांचें नापास होण्याचें भय कमी होतें. मग बीज दोषी कीं भूमि दोषी?

हा वाद सोडविण्याचा एक चतुर प्रयत्न जेरुसलेम येथें डॉ. आशेर ऑर्नॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केला. हेरॉइनचें व्यसन असलेल्या मातांच्या मुलांचे त्यांनीं दोन गट घेतले. एक, त्याच घरांत वाढलेल्यांचा. दुसरा, अगदीं लहानपणीं दत्तक जाऊन चांगल्या घरीं वाढलेल्यांचा. त्यांच्या जोडीस आणखी एक गट घेतला : ज्यांच्या बापास व्यसन होतें पण आईस नव्हतें, अशा मुलांचा. या तिसऱ्या गटाला गर्भांत अफूचा स्पर्शही नव्हता. आढळलें काय? दत्तक गेलेल्या मुलांची बुद्धि सामान्य मुलांच्या जवळपास होती. आणि व्यसनी बापाच्या घरांत वाढलेलीं मुलें, गर्भांत अफू न मिळतांही, मागें पडलीं होतीं. म्हणजे बुद्धीच्या हानींत घराचा वाटा फार मोठा ठरला. मात्र चंचलपणा आणि लक्ष न लागणें हीं लक्षणें दत्तक गेलेल्या मुलांतही अधिक प्रमाणांत राहिलीं.

याच्या उलट साक्ष नॉर्वेंतून आली. तेथें अशीं मुलें बहुधा वर्षाच्या आंत दुसऱ्या, सुस्थिर घरीं सोंपविलीं गेलीं. तरी शाळेच्या वयापर्यंत त्यांच्यांत आणि इतरांत बुद्धीच्या कसोट्यांवर फरक राहिलाच. २००७ सालीं तेथल्याच संशोधकांनीं चुंबकीय यंत्रानें अशा चौदा मुलांच्या मेंदूचीं चित्रें घेऊन तीं दुसऱ्या चौदा मुलांच्या चित्रांशीं ताडलीं, तेव्हां मेंदूचा कांहीं भाग आकारानें लहान आढळला. तथापि चौदा हा आंकडा फार थोडा, आणि त्या मातांनीं अफूबरोबर इतरही मादक पदार्थ घेतलेले होते, हें संशोधकांनींच सांगितलें आहे.

या दोन साक्षी एकत्र ठेवल्या तर व्यवहारापुरता निष्कर्ष काढतां येतो. गर्भांतील अफूचा मेंदूवर परिणाम होणें संभवनीय आहे, विशेषतः लक्ष आणि आवेग यांवर; तो बहुधा सौम्य असतो; आणि चांगलें घर त्याला पूर्णपणें पुसून टाकीलच असें नसलें, तरी त्याचा भार पुष्कळ हलका करतें. उलट, वाईट घर एकट्यानेंही तितकीच हानि करूं शकतें. वैद्याच्या हातीं जें नाहीं तें कुटुंबाच्या हातीं आहे, असा याचा अर्थ होतो.

म्हणून आतां कुटुंबाकडे वळतों. पहिली गोष्ट, आणि हीच सर्वांत अधिक चुकते : घरांतील एखादी सून किंवा लेक गर्भवती आहे आणि ती अशा एखाद्या औषधाच्या आहारीं गेली आहे असें कळल्यास, तिच्या हातून तें हिसकावून घेऊं नये. अफू एकदम बंद केल्यास तिला तीव्र त्रास होतो व गर्भासही धोका संभवतो. शिवाय अशी जबरीनें सोडविलेली बाई पुन्हां त्याच वाटेस लागण्याचें भय फार. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१४ सालीं दिलेला सल्ला असा कीं, अशा स्त्रीस मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन यांपैकीं एका औषधावर वैद्यांच्या देखरेखीखालीं स्थिर ठेवावें. ‘म्हणजे एक विष सोडून दुसरें!’ असें आजेसासूबाई म्हणतील. परंतु मोजून, वेळेवर, वैद्याच्या नजरेखालीं मिळणारी मात्रा आणि चोरून, कमीजास्त, भेसळीची मिळणारी मात्रा यांत गर्भाच्या दृष्टीनें महदंतर आहे.

दुसरी गोष्ट, वैद्यापासून कांहीं लपवूं नये. कुलाच्या अब्रूसाठीं ही गोष्ट झांकून ठेवली, तर जन्मलेलें मूल तिसऱ्या दिवशीं कांपूं लागल्यावर इस्पितळांतल्या मंडळींस कारण कळत नाहीं, आणि भलत्याच रोगाचा शोध सुरू होतो. घरची अब्रू इतकी नाजूक नसावी कीं तिची किंमत एका तान्ह्या जिवानें द्यावी.

तिसरी गोष्ट ऐकून आमच्या वाचकभगिनींस समाधान वाटेल. अमेरिकेंतील सव्वीस इस्पितळांत झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत अशा नवजात मुलांच्या बाबतींत गुणांची लांबलचक यादी बाजूस ठेवून तीनच गोष्टी पाहिल्या : मूल पुरेसें दूध पितें काय, तासभर सलग झोंपतें काय, आणि रडूं लागल्यास दहा मिनिटांत शांत होतें काय. त्यासाठीं मंद उजेड, शांत खोली, घट्ट गुंडाळणें, मांडीवर घेणें, अंगाशीं धरणें, आईनें जवळ राहणें, हे उपाय आधीं, औषध त्यांनंतर. पूर्वीं शंभरांपैकीं बावन्न मुलांना औषध द्यावें लागत होतें, तेथें वीसांनाच लागलें. आणि इस्पितळांतून घरीं जाण्यायोग्य होण्यास जेथें पंधरा दिवस लागत, तेथें आठ पुरले. आई उपचारावर स्थिर असेल व दुसरा कांहीं अडथळा नसेल, तर वैद्याच्या संमतीनें अंगावरचें दूधही द्यावें. मांड्या पुष्कळ असणें ही एकत्र कुटुंबाची जुनी संपत्ति. ती येथें औषधाच्या तोडीची ठरते. गिरणीतल्या त्या मातेजवळ हेंच तर नव्हतें.

चौथी गोष्ट, मूल हसूं-खेळूं लागलें म्हणजे लक्ष काढून घेऊं नये. पहिल्या वर्षांत डोळे तपासून घ्यावेत. बोलणें, चालणें वेळेवर येतें कीं नाहीं तें पाहावें. आणि शाळेंत लक्ष लागत नाहीं अशी तक्रार आल्यास छडी शोधण्यापूर्वीं बालरोगतज्ज्ञाकडे किंवा मानसशास्त्रज्ञाकडे जावें. नियमित झोंप, ठराविक दिनक्रम, एका वेळीं एकच काम, थोडें थोडें पण रोज वाचणें, या साध्या गोष्टींचा अशा मुलांना फार उपयोग होतो. त्याच्या समोर, अथवा पाठीमागें देखील, आईच्या चुकीचा उच्चार करूं नये. घरांत दहा माणसें असलीं म्हणजे दहा तोंडें असतात; आणि त्यांतलें एक तोंडही कधीं कधीं दहा मांड्यांचें काम फुकट घालवितें.

शेवटीं सर्व गर्भवती स्त्रियांकरितां दोन शब्द. वर दिलेले अभ्यास दीर्घकाळ चाललेल्या सेवनाविषयीं आहेत. शस्त्रक्रियेनंतर वैद्यानें हिशेबानें दिलेल्या दोन-चार मात्रांवरून कोणीं धसका घेऊं नये. परंतु पाठ दुखते म्हणून शेजारणीची गोळी, खोकला येतो म्हणून दिरांची बाटली, हा व्यवहार गर्भारपणीं सर्वस्वीं बंद असावा. कोडीन व ट्रामाडॉल हीं अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनीं घेऊं नयेत असा इशारा अमेरिकेच्या औषधनियंत्रक खात्यानें २०१७ सालीं दिला, तोही स्मरणांत ठेवावा. कोणतेंही वेदनाशामक किंवा खोकल्याचें औषध हातीं आलें कीं त्यांत काय आहे हें वैद्यास विचारावें. त्यांत संकोच कसला?

बाळगोळी गेली ती नुसत्या उपदेशानें गेली नाहीं. मातेला रजा, मुलाला पाळणाघर आणि घराला दोन जास्त हात मिळूं लागले, तेव्हां तिची गरज उरली नाहीं. गर्भांतल्या अफूचेंही तसेंच आहे. दोष देणारें बोट मागें घेऊन तोच हात पुढें केला, तर निम्मा उपचार घरींच होतो. उरलेल्या निम्म्यासाठीं वैद्य आहेत.